महासाथीच्या फ्लूविषयी लोकांची जाण कशी मोजावी? : समुदाय-सर्वेक्षण आणि प्रश्नावलीची मराठी

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• ज्ञान, वृत्ती आणि आचरण या तीन संकल्पनांतील फरक स्पष्ट करणे.
• समुदाय-सर्वेक्षणासाठी नमुना कसा निवडतात व त्याचा आकार कसा ठरतो, हे सांगणे.
• प्रश्नावलीतील शब्द व वाक्यरचना यांमुळे उत्तरे कशी बदलतात, हे मराठी उदाहरणांसह दाखवणे.
• पूर्वचाचणी व उलट अनुवाद यांचे महत्त्व आणि मर्यादा ओळखणे.
• सर्वेक्षणातील ‘चूक’ उत्तराचा विचारपूर्वक अर्थ लावणे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण जाहिरात, वृत्तलेखन आणि कार्यालयीन पत्रव्यवहार या क्षेत्रांतील मराठीचा विचार केला. या घटकात आपण एका वेगळ्या क्षेत्राकडे वळणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे सर्वेक्षणाची प्रश्नावली. प्रश्नावली हा भाषेचा अत्यंत काटकसरीचा वापर आहे. तिच्यातील एकेक वाक्य शेकडो लोकांसमोर जसेच्या तसे उच्चारले जाते आणि त्या वाक्याला मिळालेल्या उत्तरांची बेरीज करून धोरणे आखली जातात. कथेतील एखादे वाक्य सैल पडले तर वाचक ते सावरून घेतो. प्रश्नावलीतील सैल वाक्य मात्र आकड्याचे रूप घेते, आणि एकदा आकडा झाला की त्यामागचे वाक्य कोणी पाहत नाही.

कोणतीही साथ आली की एक विधान हमखास ऐकू येते : ‘लोकांना काही कळत नाही, सांगितलेले कोणी ऐकत नाही.’ हे विधान खरे असेल किंवा खोटे असेल. पण ते मोजल्याशिवाय ठरवता येणार नाही. मोजायचे तर विचारावे लागते, आणि विचारायचे तर शब्द निवडावे लागतात. म्हणून आरोग्यशास्त्र, संख्याशास्त्र आणि भाषाशास्त्र या तिन्ही शास्त्रांचा येथे संबंध येतो. महासाथीच्या फ्लूचे उदाहरण घेऊन हा संबंध आपण समजून घेऊ.

२. विषय-विवेचन

२.१ पार्श्वभूमी : २००९ ची महासाथ

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिका येथे फ्लूचा एक नवा विषाणू आढळला. शास्त्रीय भाषेत त्याला ‘ए (एच१एन१)’ असे नाव मिळाले, तर वृत्तपत्रांनी त्यास ‘स्वाइन फ्लू’ म्हटले. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ घोषित केली आणि १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचे जाहीर केले. भारतातील पहिला निश्चित रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबाद येथे आढळला. या आजाराने झालेला देशातील पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्ट २००९ रोजी नोंदवला गेला. त्यानंतर पुण्यातील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद राहिली, चित्रपटगृहांना टाळे लागले, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि एन-९५ मास्क हा शब्द घराघरांत पोहोचला. त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, गणेशोत्सव सुरू होणार होता.

अशा प्रसंगी प्रशासनापुढे जे प्रश्न उभे राहतात त्यांतील काही प्रयोगशाळेत सुटतात. किती जणांच्या शरीरात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत, हे रक्ताच्या तपासणीतून कळते. परंतु हा आजार कसा पसरतो असे लोकांना वाटते, त्यांना कशाची भीती वाटते, कोणाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास आहे, आजारी पडल्यास ते घरी थांबतील का, या प्रश्नांची उत्तरे रक्ताच्या थेंबातून मिळत नाहीत. त्यासाठी माणसाला विचारावेच लागते.

२.२ ज्ञान, वृत्ती आणि आचरण

अशा सर्वेक्षणांत सामान्यतः तीन गोष्टी मोजल्या जातात.

(अ) ज्ञान : व्यक्तीला काय माहीत आहे. उदा. फ्लू खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या तुषारांमुळे पसरतो हे ठाऊक असणे.

(आ) वृत्ती : व्यक्तीला काय वाटते व तिचा कल कोणीकडे आहे. उदा. ‘हा आजार मला होऊ शकेल’, ‘सरकारी दवाखान्यात नीट तपासतात’, ‘लस धोक्याची असते’ असे वाटणे.

(इ) आचरण : व्यक्ती प्रत्यक्षात काय करते. उदा. साबणाने हात धुणे, आजारी असताना गर्दीत न जाणे.

या त्रयीचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यास कुटुंबनियोजनाच्या सर्वेक्षणांत मोठ्या प्रमाणावर झाला. तेव्हाच एक गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली. ज्ञान आणि अनुकूल वृत्ती असूनही आचरण तसे असेलच असे नाही. कळते पण वळत नाही, हा अनुभव मराठी भाषकाला नवा नाही. मात्र सर्वेक्षणाच्या संदर्भात या म्हणीपाशी थांबून चालत नाही. का वळत नाही, हे शोधणे हेच सर्वेक्षणाचे काम असते.

या ‘का’चे उत्तर शोधण्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी ‘आरोग्यश्रद्धा प्रतिमान’ मांडले. क्षयाची तपासणी मोफत उपलब्ध असूनही लोक येत का नाहीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांच्या मते माणूस चार गोष्टी जोखतो : हा आजार मला होण्याची शक्यता किती, झाला तर तो किती गंभीर, सांगितलेला उपाय केल्याने लाभ काय, आणि तो करण्यात अडथळे कोणते. फ्लूविषयीच्या प्रश्नावलीत या चारही अंगांवर प्रश्न असावे लागतात. केवळ ज्ञानावर प्रश्न विचारले तर उत्तरेही केवळ ‘अज्ञान’ या एकाच दिशेला बोट दाखवतात.

२००६ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी महासाथ येण्यापूर्वीच १,६९७ प्रौढांना काल्पनिक महासाथीविषयी विचारले. आपल्याला फ्लू झाल्यास सात ते दहा दिवस इतरांपासून दूर, घरी थांबू असे ९४ टक्के लोकांनी सांगितले. वृत्ती याहून अनुकूल ती काय असणार? परंतु महिनाभर कामावर जाता आले नाही तर गंभीर आर्थिक अडचण येईल, असे नोकरी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. आणि घरी आजारी पडल्यास काळजी घेणारे कोणी नाही, असे सुमारे एक-चतुर्थांश लोकांचे म्हणणे होते. अडथळ्यांवरील प्रश्न विचारलेच नसते, तर पुढे घराबाहेर पडलेल्या मजुराला बेजबाबदार ठरवणे किती सोपे झाले असते, याचा विचार करावा.

२.३ कोणाला विचारावे? नमुना-निवड

संपूर्ण शहराला विचारणे शक्य नसते, म्हणून नमुना निवडतात. भाताच्या शिताची म्हण येथे आठवेल. पण शितावरून भाताची परीक्षा तेव्हाच होते, जेव्हा भांड्यातील भात सारखा शिजत असतो. समाज तसा एकसारखा नसतो. म्हणून प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी मिळेल अशा यादृच्छिक पद्धतीने नमुना घ्यावा लागतो.

नमुन्याचा आकार अंदाजाने ठरवत नाहीत. एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर आणि पाच टक्क्यांच्या कमाल त्रुटीसह मोजायचे असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे ३८४ व्यक्ती पुरतात. त्रुटी तीन टक्क्यांच्या आसपास हवी असेल तर ही संख्या हजाराच्या घरात जाते. मात्र घरोघर जाऊन पाहणी करताना वस्त्यांचे समूह निवडावे लागतात. एकाच वस्तीतील लोकांची मते पुष्कळदा सारखी असतात, त्यामुळे दहा शेजाऱ्यांकडून मिळणारी माहिती दहा वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांइतकी समृद्ध नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी नमुना वाढवतात. प्रचलित संकेतानुसार तो दुप्पट केला तर ३८४ चे ७६८ होतात. लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेली ३० समूह आणि प्रत्येकी ७ बालके ही पद्धत याच विचारावर उभी आहे.

संख्या पुरेशी असूनही नमुना एकांगी असू शकतो. सकाळी अकरा वाजता दार वाजवले तर कामावर गेलेली माणसे भेटत नाहीत. दूरध्वनीवरून विचारले तर ज्यांच्याकडे दूरध्वनी नाही ते गळतात. आणि भाषेची चाळणी तर सर्वांत सूक्ष्म असते. ८ ते १२ मे २००९ या काळात इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथे झालेल्या एका दूरध्वनी-सर्वेक्षणात ९९७ प्रौढांची उत्तरे घेतली गेली. ते एक काळजीपूर्वक केलेले सर्वेक्षण होते. तथापि सहभागासाठी इंग्रजी बोलता येणे ही अट होती. त्या देशात राहणाऱ्या, पण इंग्रजी न बोलणाऱ्या माणसांना फ्लूविषयी काय वाटत होते, हे त्यातून कळू शकत नाही.

हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. पुण्यातील बांधकामावर तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारे मजूर असतात. नंदुरबारमध्ये भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलली जाते. खानदेशात घरची भाषा अहिराणी असते. केवळ प्रमाण मराठीतील प्रश्नावली घेऊन निघालेला पाहणीकर्ता नकळत कोणाला वगळतो, हे प्रत्येक सर्वेक्षणात लिहून ठेवले पाहिजे.

२.४ प्रश्नातील शब्द

प्रश्नावलीत अवघड शब्द टाळावेत हे सर्वांना मान्य असते. खरा धोका मात्र सोप्या शब्दांत असतो. विचारणारा आणि ऐकणारा दोघांनाही तो शब्द माहीत असतो, पण दोघांचा अर्थ वेगळा असतो. पुढील उदाहरणे पाहा.

साथ, महासाथ, महामारी. शास्त्रीय व्यवहारात ‘महासाथ’ म्हणजे अनेक देशांत पसरलेली साथ. या संज्ञेत प्रसाराचा विस्तार अभिप्रेत आहे, मृत्यूंची संख्या नव्हे. ‘महा’ या उपपदाने ऐकणाऱ्याच्या मनात मात्र भयंकरपणा उभा राहतो. ‘महामारी’ या शब्दात तर ‘मारी’ उघडच आहे, आणि ज्या समाजाने मरीआईच्या रूपाने पटकीसारख्या रोगांची आठवण जपली आहे, त्याच्या कानांवर तो आणखी जड पडतो. ‘ही महामारी गंभीर आहे असे वाटते का?’ या प्रश्नात उत्तर आधीच दिलेले आहे.

स्वाइन फ्लू. नाव हीच एक माहिती असते. हा आजार डुकराचे मांस खाल्ल्याने होत नव्हता. तो माणसाकडून माणसाकडे पसरत होता. तरीही एप्रिल २००९ च्या अखेरीस इजिप्तने देशातील डुकरे मारण्याचा आदेश काढला. ३० एप्रिल रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्वाइन फ्लू’ हे नाव वापरणे थांबवून ‘इन्फ्लुएंझा ए (एच१एन१)’ हे नाव स्वीकारले. आता प्रश्नावलीकर्त्यापुढे पेच असा : ‘एच१एन१’ म्हटले तर पुष्कळांना कळणार नाही, आणि ‘स्वाइन फ्लू’ म्हटले तर ‘हा आजार डुकरांपासून होतो का?’ या पुढच्या प्रश्नाचे उत्तर नावानेच सुचवलेले असते. अशा वेळी प्रथम ‘या आजाराला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारावे आणि पुढील प्रश्नांत उत्तरदात्याचाच शब्द वापरावा.

लागण. वैद्यकीय मराठीत लागण म्हणजे संसर्ग. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात मात्र लागण म्हणजे उसाची लागवड. संदर्भाने बहुधा अर्थ स्पष्ट होतो, हे खरे. परंतु प्रस्तावना न करता ‘यंदा तुमच्या भागात लागण कितपत आहे?’ असे विचारले, तर शेतकरी उसाविषयीच बोलू लागेल, आणि त्यात त्याची काही चूक असणार नाही.

लस टोचणे. मराठीत लस ‘टोचतात’. जुलै २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या फ्लूवर नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. ती घेतलेल्या माणसाला ‘तुम्ही लस टोचून घेतली का?’ असे विचारले, तर त्याने प्रामाणिकपणे दिलेले उत्तर ‘नाही’ असेच असेल. येथे एका रूढ क्रियापदामुळे लस घेतलेला माणूस न घेतलेल्यांच्या रकान्यात जातो.

रुमाल बांधणे. ‘घराबाहेर पडताना तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधता का?’ या प्रश्नाला पुण्यातील दुचाकीस्वार मुलींकडून भरघोस होकार मिळेल. पण तो धुळीसाठी व उन्हासाठी. आचरणावरील प्रश्नात कारण व कालावधी दोन्ही हवेत. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश सर्वेक्षणाने ‘गेल्या चार दिवसांत, स्वाइन फ्लूमुळे’ काय बदल केला असे विचारले. सुमारे ३८ टक्के लोकांनी शिफारस केलेल्या कृतींपैकी किमान एखादा बदल सांगितला, तर गर्दी किंवा प्रवास टाळण्यासारखा बदल केवळ ५ टक्के लोकांनी सांगितला. प्रश्नाला काळाची व कारणाची चौकट असल्यामुळेच या आकड्यांना अर्थ आहे.

अंतर. २०२० च्या कोविड महासाथीत ‘सोशल डिस्टन्सिंग’चा ‘सामाजिक अंतर’ असा अनुवाद रूढ झाला. शिवाशिवीचा इतिहास असलेल्या समाजात ‘तुम्ही सामाजिक अंतर पाळता का?’ हा प्रश्न केवळ आरोग्याचा राहत नाही. ‘दोन माणसांत किती अंतर ठेवता?’ असे विचारणे अधिक नेमके, आणि अधिक सभ्यही.

२.५ प्रश्नाची वाक्यरचना

शब्दांप्रमाणेच मराठी व्याकरणाची काही वैशिष्ट्येही येथे विचारात घ्यावी लागतात.

(१) ‘आपण’ची द्व्यर्थता. मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषी सर्वनाम आहे आणि श्रोत्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषी अनेकवचनही आहे. ‘आपण हात धुता’ आणि ‘आपण हात धुतो’ यांत क्रियापदाने भेद स्पष्ट होतो. परंतु ‘आपण लस घ्यावी असे वाटते का?’ या वाक्यात तो पुसला जातो. ‘मी स्वतः घ्यावी’ की ‘आपण सर्वांनी घ्यावी’? लस चांगली आहे असे मानणारा, पण स्वतः घेण्यास कचरणारा माणूस या प्रश्नाला सहज ‘हो’ म्हणेल. म्हणून प्रश्नावलीत ‘तुम्ही स्वतः’ असा स्पष्ट प्रयोग करावा. आदर बोलण्याच्या रीतीतून व्यक्त करता येतो.

(२) नकारार्थी प्रश्न. ‘तुम्ही लस घेतली नाही का?’ याला ‘हो’ असे उत्तर आले तर काय नोंदवावे? ‘हो, नाही घेतली’ आणि ‘हो, घेतली ना’ हे दोन्ही अर्थ मराठीत संभवतात. अशा प्रश्नाचे उत्तर विश्वासाने नोंदवताच येत नाही.

(३) सूचक प्रश्न. ‘हात धुणे चांगले असते ना?’ यातील ‘ना’ संमती मागतो. पाहुण्याच्या होला हो मिळवणे हा आपल्याकडील शिष्टाचार आहे; ओळखपत्र लावून, कागद घेऊन आलेल्या व्यक्तीसमोर तर अधिकच. म्हणून ‘पटते की नाही’ या प्रकारची काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची ठेवतात. दोन्ही विधानांना होकार देणारा उत्तरदाता शिष्टाचार पाळत आहे, हे त्यातून ओळखू येते.

(४) जोडप्रश्न. ‘खोकताना तोंडावर रुमाल धरता आणि नंतर हात धुता का?’ हे दोन प्रश्न आहेत. त्यांना एकच उत्तर मागू नये.

(५) मोघम क्रियाविशेषणे. ‘नियमित’, ‘वारंवार’, ‘योग्य प्रकारे’ या शब्दांचे माप प्रत्येकाचे निराळे असते. ‘काल दुपारी जेवण्यापूर्वी हात धुतले होते का? कशाने?’ या प्रश्नाला मोजता येईल असे उत्तर मिळते.

(६) उत्तरांची श्रेणी. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची श्रेणी आजही वापरतात. तिचे ‘पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ, अंशतः असहमत, पूर्णतः असहमत’ हे रूपांतर लेखी परीक्षेला शोभते. दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘अगदी पटते, थोडे पटते, फारसे पटत नाही, मुळीच पटत नाही’ अशी बोलती श्रेणी सोयीची पडते. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांची नोंद मात्र वेगवेगळी ठेवावी. पहिले उत्तर माहितीचा अभाव दर्शवते, दुसरे पुष्कळदा संकोच किंवा अविश्वास दर्शवते.

२.६ अनुवाद, उलट अनुवाद आणि पूर्वचाचणी

अनेक प्रश्नावल्या मुळात इंग्रजीत तयार होतात. अनुवाद तपासण्यासाठी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट अनुवादाची पद्धत प्रसिद्ध आहे. एक व्यक्ती इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, मूळ न पाहिलेली दुसरी व्यक्ती तो पुन्हा इंग्रजीत आणते, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहतात. ढोबळ चुका या पद्धतीने नक्कीच सापडतात.

परंतु तिची मर्यादाही ओळखावी. ‘लागण’चा उलट अनुवाद शंभरदा केला तरी तो ‘संसर्ग’ या अर्थाच्याच इंग्रजी शब्दाने होईल, कारण अनुवाद करणारे दोघेही सुशिक्षित द्वैभाषिक असतात. दोघेही ‘सामाजिक अंतरा’चे बिनचूक इंग्रजी करतील. म्हणजे प्रश्न कागदावर निर्दोष ठरतो आणि ओसरीवर अडखळतो. कागदाची परीक्षा कागदाने होते. बोलण्याची परीक्षा बोलूनच करावी लागते.

ही परीक्षा म्हणजे पूर्वचाचणी. प्रत्यक्ष सर्वेक्षणापूर्वी, त्याच प्रकारच्या वस्तीतील थोड्या लोकांना प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर आणखी दोन गोष्टी विचारतात : ‘हा प्रश्न तुम्हांला तुमच्या शब्दांत सांगता येईल का?’ आणि ‘उत्तर देताना तुमच्या मनात काय आले?’ या संवादातून ‘साथ’, ‘ताप’, ‘कणकण’, ‘थंडीताप’ या शब्दांचे स्थानिक अर्थ कळतात. थंडीताप म्हटले की पुष्कळांना हिवताप आठवतो. तेव्हा फ्लूची लक्षणे विचारताना तो शब्द न वापरणे बरे, असा निर्णय मग पुराव्याने घेता येतो.

२.७ उत्तरांचा अर्थ लावताना

उत्तरे हाती आल्यावर तीन बाबतींत सावध राहावे.

पहिली बाब अशी की सांगितलेले आचरण आणि केलेले आचरण यांत अंतर असते. २००७ साली अमेरिकेत सार्वजनिक स्वच्छतागृह वापरल्यावर हात धुतो असे दूरध्वनीवरून ९२ टक्के लोकांनी सांगितले. चार शहरांत प्रत्यक्ष निरीक्षण केले तेव्हा ७७ टक्के लोक हात धुताना दिसले. शक्य तेथे निरीक्षणाची जोड द्यावी. ‘साबण वापरता का?’ या प्रश्नाबरोबरच मोरीत साबण आहे का व पाणी किती वेळ येते, याचीही नोंद घ्यावी.

दुसरी बाब म्हणजे संबंध आणि कारण यांत गल्लत होऊ देऊ नये. एकाच वेळी केलेल्या पाहणीत दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढेच कळते. त्या ब्रिटिश सर्वेक्षणात, साथीचा फार गाजावाजा केला जात आहे असे मानणाऱ्यांत आचरण बदलण्याचे प्रमाण कमी आढळले. त्या मतामुळे त्यांनी बदल टाळला, की बदल करायचा नव्हता म्हणून ते मत धरले, हे एका पाहणीतून ठरत नाही. त्यासाठी ठरावीक अंतराने पुन्हा पाहणी करावी लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ‘चूक’ उत्तर. पुण्यातील साथीच्या दिवसांत कापूर-वेलचीची पुरचुंडी जवळ बाळगण्याचा उपाय पुष्कळांनी केला. ‘कापूर-वेलचीने फ्लू टळतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याला ज्ञानाच्या तक्त्यात शून्य गुण मिळतील, आणि या उपायाला वैद्यकीय आधार नाही म्हणून ते योग्यही आहे. परंतु तीच व्यक्ती हातही धूत असेल, आजारी मुलाला घरीही ठेवत असेल. तिच्या पुरचुंडीतून भीती दिसते, तशीच काहीतरी केले पाहिजे ही तयारीही दिसते. तिच्या उत्तराला केवळ अज्ञान म्हणून मिटवले, तर त्या तयारीला योग्य दिशा देण्याची संधी आपण गमावतो.

म्हणून अभ्यासकाने प्रत्येक ‘चूक’ उत्तरापुढे चार प्रश्न ठेवावेत. प्रश्न समजला होता का? उत्तर देणाऱ्याच्या भाषेत तो विचारला गेला होता का? माहिती असूनही पाणी, पैसा, वेळ किंवा विश्वास यांचा अभाव होता का? आणि या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तरच चौथा : त्याला खरोखर माहीत नव्हते का? हा क्रम उलटा केला, तर प्रश्नावलीचे अज्ञान लोकांच्या नावावर जमा होते. मग जनजागृतीची भित्तिपत्रके छापली जातात, आणि जेथे नळाला पाणीच नाही तेथे ‘वारंवार हात धुवा’ असे लिहिलेला फलक लागतो.

शेवटी नीतीचा मुद्दा. मुलाखतीपूर्वी संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे, आणि उत्तर न देण्याचा हक्क मान्य करावा. मुलाखत चालू असताना चुका सुधारू नयेत, कारण त्याने पुढील उत्तरे बदलतात. मात्र मुलाखत संपल्यावर अचूक माहिती देऊन निघावे. साथीच्या काळात एखाद्याचा घातक गैरसमज ऐकून, तो नोंदवून, काही न सांगता निघून जाणे योग्य नव्हे.

३. सारांश

महासाथीच्या फ्लूविषयी लोकांचे ज्ञान, वृत्ती आणि आचरण समुदाय-सर्वेक्षणाने मोजता येते. त्यासाठी यादृच्छिक व पुरेसा नमुना, अडथळ्यांची दखल घेणारे प्रश्न, काळ व कारण यांची चौकट, पूर्वचाचणी आणि निरीक्षणाची जोड आवश्यक असते. प्रश्नातील ओळखीचे शब्द, ‘आपण’सारखी सर्वनामे आणि नकारार्थी रचना यांमुळे उत्तरे बदलू शकतात. उलट अनुवादाने अनुवाद तपासला जातो. तो लोकांना कळतो की नाही, हे लोकांशी बोलूनच समजते. उत्तर चूक ठरवण्यापूर्वी प्रश्न तपासावा, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४. पारिभाषिक शब्द

महासाथ : अनेक देशांत पसरलेली रोगाची साथ.
यादृच्छिक नमुना : प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी देणारी निवड.
पूर्वचाचणी : मुख्य सर्वेक्षणापूर्वी प्रश्नावलीची लहान प्रमाणावर घेतलेली परीक्षा.
उलट अनुवाद : अनुवादित पाठ पुन्हा मूळ भाषेत आणून तपासणे.
उत्तरदाता : सर्वेक्षणातील प्रश्नांना उत्तर देणारी व्यक्ती.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘आपण लस घ्यावी असे वाटते का?’ या प्रश्नात कोणता दोष आहे?
२. समूह-पद्धतीत नमुना का वाढवावा लागतो?

(आ) पुढील प्रश्न निर्दोष करून लिहा.
३. ‘तुम्ही नियमित हात धुता ना?’
४. ‘तुम्ही ताप आल्यावर डॉक्टरकडे जाता व घरी थांबता का?’

उत्तरे : १. ‘आपण’ या सर्वनामाचे ‘तुम्ही’ व ‘आपण सर्व’ असे दोन अर्थ संभवतात. २. एकाच समूहातील व्यक्तींची उत्तरे परस्परांसारखी असण्याचा संभव असतो. ३. ‘काल जेवण्यापूर्वी तुम्ही हात धुतले होते का? कशाने?’ ४. ‘मागच्या वेळी ताप आला तेव्हा तुम्ही डॉक्टरकडे गेलात का?’ आणि ‘त्या वेळी किती दिवस घरी थांबलात?’ असे दोन स्वतंत्र प्रश्न करावेत.

६. क्षेत्रीय कार्य

फ्लूविषयी पाच प्रश्नांची मराठी प्रश्नावली तयार करा. आपल्या परिसरातील भिन्न वयाच्या व भिन्न व्यवसायाच्या पाच व्यक्तींना त्यांच्या संमतीने ते प्रश्न विचारा. प्रत्येक प्रश्न त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगण्यास विनंती करा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. त्यानंतर प्रश्नावलीत कोणते बदल करावे लागले व का, यावर सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा. बोलीतील शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत.